एक वाटी मैदा, एक सुट्टी

शाळेत कार्यानुभवाचं प्रदर्शन भरलं की मी मनातल्या मनात एक खेळ खेळायचे. टेबलावर मांडलेली कोणती वस्तू मुलाने केली आहे आणि कोणती त्याच्या आईबाबांनी, हे चिठ्ठीवरचं नाव न वाचता ओळखायचं. फारसं अवघड जायचं नाही. कडा सरळ, डिंकाचा एक डाग नाही, टिकल्या सारख्या अंतरावर लावलेल्या, म्हणजे ती मोठ्यांची. छप्पर एका अंगाला कललेलं, भिंतीवर बोटांचे ठसे, पण दाराला लावलेली सुतळीची कडी खरोखर लागते, म्हणजे ती मुलाची. पुठ्ठ्याच्या घराला लागणारी कडी हवी, हे मोठ्यांच्या डोक्यात येतच नाही. रात्री चोर आला तर काय, हा प्रश्न त्या घराच्या मालकालाच पडतो.

बक्षीस बहुतेकदा सरळ कडांना मिळायचं, हेही कबूल करते. म्हणून हा लेख सुट्टीसाठी आहे. सुट्टीत बक्षीस नसतं, गुण नसतात, आणि उद्या सकाळी सात वाजता काही घेऊन जायचं नसतं. हाताने काही करून बघायला इतका निवांत वेळ पुन्हा मिळत नाही. पुढे सहा वस्तू आणि त्यांतल्या काहींना लागणारी एक खळ सांगितली आहे. सगळ्या मी वर्गात किंवा घरात मुलांकडून करून घेतल्या आहेत, त्यामुळे कुठे बिघडतं हेही सांगता येईल.

आधी खोका, मग कल्पना

मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघायचा, त्यात लागणाऱ्या सामानाची यादी करायची, स्टेशनरीच्या दुकानात जाऊन चारशे रुपये खर्च करायचे आणि मग 'त्यांच्यासारखं झालं नाही' म्हणून मुलाने रडायचं, हा क्रम मोडायला हवा. वस्तू ठरवून सामान आणू नका. सामान बघून वस्तू ठरवा.

त्यासाठी घरात एक खोका ठेवा. बुटांचा चालेल. त्यात वर्षभर पुढच्या गोष्टी जाऊ द्या: लग्नपत्रिका, औषधांच्या रिकाम्या पेट्या, साबणाचे पुठ्ठे, मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद, काड्यापेट्या, तुटलेल्या माळेचे मणी, शर्टाची बटणं, सुतळी, नाडीचे तुकडे, आइस्क्रीमच्या काड्या, कालनिर्णयची उलटून गेलेली पानं. खोका भरला की थांबायचं. नवीन काही टाकायचं तर जुनं काहीतरी वापरून संपवायचं. हा नियम नसेल तर खोक्याचं माळ्यावरचं गाठोडं होतं.

टाकाऊतून शिकण्याची ही वाट आपल्याकडे मोठमोठ्या माणसांनी चालून दाखवली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा शिकवण्याची साधनं विकत आणली नाहीत. पानं, बिया, खडे, शंख-शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून ती घडवली. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेल्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन भूमितीचे आकार उभे केले आणि पुण्यातल्या आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी वर्षं कचऱ्यातून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी बघितलीत तर एक गोष्ट लक्षात येईल. ती दिसायला फारशी सुबक नसतात, पण फिरतात, वाजतात, उडतात. मुलाला तेवढं पुरतं.

खळ: सगळ्याची सुरुवात

बाजारातला गोंद वाईट नाही, पण छोट्या बाटलीतून तो थेंब थेंब काढताना मुलांचा हात आखडतो. खळ पातेलंभर असते. सांडली तरी कोणी ओरडत नाही, आणि ती शिजवणं हीच पहिली हस्तकला.

एक वाटी मैदा घ्या. त्यात एक वाटी गार पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा. हे काम मुलांना द्या, धिरड्याचं पीठ भिजवल्यासारखं आहे. दुसरीकडे तीन वाट्या पाणी उकळत ठेवा. उकळी आली की गॅस बारीक करून त्यात हे भिजवलेलं पीठ ओता आणि सतत ढवळत राहा. हे मात्र मोठ्यांनी करायचं. तीन-चार मिनिटांत पांढरट पाणी एकदम दाट होतं आणि त्याला किंचित पारदर्शक झाक येते. गॅस बंद करा. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून थोडी पातळ वाटते तेव्हाच उतरवा.

'आत्ता पाणी होतं, एकदम घट्ट कसं झालं?' असं मुलं विचारतीलच. पिठातल्या पिष्टाचे बारीक कण गार पाण्यात नुसते तरंगतात. पाणी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की ते पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. कढीला पीठ लावल्यावर ती दाट होते, त्याचंही कारण हेच.

मैद्याऐवजी कणीक चालते, खळ थोडी तपकिरी होते इतकंच. उरलेली खळ झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली तर चार दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्या. एक सूचना महत्त्वाची. पुस्तकबांधणी करणारे कारागीर खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाताशी येणाऱ्या खळीत ते कधीही घालू नका. चिमूटभर तुरटीची पूड पुरते.

पहिली वस्तू: पट्ट्यांचा कंदील

वय सात वर्षांपासून पुढे, वेळ साधारण दीड तास.

बांबूच्या कामट्यांचा, करंज्या आणि झिरमिळ्यांचा पारंपरिक कंदील सुंदरच, पण पहिल्या वर्षी तो मुलाला झेपत नाही. मग बाबा कंदील करतात आणि मूल कामट्या धरून उभं राहतं. त्यापेक्षा हा करा.

एक ए-फोर आकाराचा रंगीत कार्डपेपर घ्या. कात्री लावण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हळूच वाकवून बघा. एका दिशेने तो सहज वळतो, दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला असतात, त्यामुळे असं होतं. वर्तमानपत्राचं पान एका बाजूने सरळ रेषेत फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं, त्याचंही कारण तेच. लांबीच्या दिशेने कागद सहज गुंडाळला जात असेल तर उत्तम. नसेल तरी चालतं, फक्त चिकटवताना थोडा जास्त वेळ धरून ठेवावं लागतं.

कागदाच्या लांब कडा एकमेकींवर आणून तो मधोमध दुमडा. आता घडीची बाजू एकीकडे आणि उघडी बाजू दुसरीकडे. उघड्या बाजूपासून अडीच सेंटिमीटरवर पेन्सिलीने एक आडवी रेष मारा. ही रेष म्हणजे सीमा, कात्री तिच्या पलीकडे जायची नाही. मग घडीच्या बाजूकडून दर दोन सेंटिमीटरवर सरळ काप देत या आणि रेषेशी थांबा. नव्वद टक्के मुलं एकदा तरी रेष ओलांडतात. तिथे मागून कागदाची पट्टी चिकटवली की काम झालं. नवीन कागद देऊ नका. चूक सांधता येते, हेही कंदिलातून शिकू द्या.

कागद उघडा. आता आतल्या उजेडासाठी पिवळा किंवा पांढरा पतंगाचा कागद घ्या. त्याची लांबी कार्डपेपरइतकीच, पण उंची मात्र चार सेंटिमीटरने कमी, म्हणजे १७ सेंटिमीटर. त्याची वरची कड कार्डपेपरच्या वरच्या कडेला आतून चिकटवा आणि खालची कड खालच्या कडेला. आतला कागद आखूड असल्यामुळे बाहेरच्या पट्ट्या मधोमध फुगून बाहेर येतात. हा क्षण मुलांना फार आवडतो. सपाट कागदाला पोट आलं! मग सगळं गोल गुंडाळून दोन्ही टोकं चिकटवा आणि वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवा.

खाली पतंगाच्या कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद, हातभर लांब झिरमिळ्या लावा. वर तीन भोकं पाडून दोरा ओवा. दोनच भोकं पाडलीत तर कंदील एका बाजूला कलतो. आत एलईडीचा छोटा दिवा किंवा एलईडीची माळ सोडा. जुना तापणारा बल्ब किंवा पणती कागदी कंदिलात ठेवायची नाही, यात कसलीही सूट नाही.

दुसरी वस्तू: भाजीचे ठसे

वय तीन वर्षांपासून. वेळ सांगता येत नाही, कारण मुलं थांबत नाहीत.

भेंडी आडवी चिरली की देठाकडच्या भागात बहुधा पाच पाकळ्यांचं फूल दिसतं. अर्ध्या कांद्यात एकात एक वर्तुळं असतात, कोबीच्या गड्ड्यात वेलबुट्टी असते. रंगात बुडवायच्या आधी मुलांना नुसते हे काप बघू द्या. रोज ताटात येणारी भाजी आतून अशी आहे, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं.

बटाट्याचा ठसा आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. बटाटा मधोमध कापा, पेनाने आकार काढा आणि आकाराबाहेरचा भाग अर्धा सेंटिमीटर खोल काढून टाका. सुरी मोठ्यांच्या हातात, आकार मुलाच्या मनातला. कापलेला बटाटा दहा मिनिटं वर्तमानपत्रावर उपडा ठेवा. त्याचं पाणी निघालं नाही तर रंग फाटतो.

रंगासाठी ताटलीत ओल्या फडक्याची घडी ठेवून तिच्यावर जलरंग पसरा. ठसा त्या फडक्यावर दाबायचा, थेट रंगात बुडवायचा नाही. रंग फार पातळ वाटला तर चमचाभर खळ मिसळा.

अक्षरांचा ठसा करायला निघालेलं प्रत्येक मूल एकदा फसतं. बटाट्यावर 'क' सरळ कोरला की कागदावर उलटा येतो. आधी सांगू नका, फसू द्या. मग आरसा आणून दाखवा. डावं-उजवं दोन्हीकडून सारखं दिसणारं अक्षर शोधायला सांगा. माझ्या वर्गातल्या एकीने शोधून आणलं होतं: ठशाचा 'ठ'.

हे ठसे नुसते कागदावर उमटवून संपवू नका. जुन्या मासिकाच्या जाड पानांची किंवा साध्या पांढऱ्या कागदाची पाकिटं करून त्यांच्यावर ठसे मारा. भाऊबीजेच्या ओवाळणीला ती कामी येतात. वापरात येणारी वस्तू केली की मुलांच्या हाताला आपोआप नेटकेपणा येतो.

तिसरी वस्तू: उरलेल्या पानांची वही

वय नऊ वर्षांपासून, वेळ एक तास.

वर्ष संपलं की प्रत्येक वहीत दहा-वीस कोरी पानं उरतात. मधोमध शिवलेल्या वहीत शेवटचं कोरं पान आणि पहिलं लिहिलेलं पान एकाच कागदाचे दोन भाग असतात, त्यामुळे ती जोडपानं म्हणून निघत नाहीत. कोरी पानं कात्रीने सुटी कापून घ्या आणि सगळ्या कडा एका रेषेत येतील असा गठ्ठा करा. पंचवीस पानांहून जास्त नको, भोक पाडणं कठीण जातं.

वर-खाली लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचं कव्हर ठेवा. डाव्या कडेपासून एक सेंटिमीटर आत तीन खुणा करा: एक मधोमध आणि दोन टोकांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. गठ्ठ्याला दोन चिमटे लावा. लाकडी पाटावर ठेवून दाभणाने भोकं मोठ्यांनी पाडावीत.

शिवण मुलाची. जाड सुती दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या. मागून मधल्या भोकातून सुई पुढे काढा आणि दोऱ्याचं एक टोक मागेच लोंबू द्या. पुढून वरच्या भोकात जा. मागच्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकापर्यंत या आणि पुढे निघा. पुढून पुन्हा मधल्या भोकात शिरून मागे या. आता दोऱ्याची दोन्ही टोकं मागे, मधल्या भोकापाशी आहेत. मागचा लांब टाका दोन्ही टोकांच्या मधे धरून घट्ट गाठ मारा. पुस्तकबांधणीतला हा सगळ्यात साधा टाका आहे. तो आला की मूल घरातली सुटी झालेली पुस्तकंही शिवायला मागतं. त्यालाच ती शिवू द्या.

या वहीचं काय करायचं ते तुम्ही सांगू नका. 'शुद्धलेखनासाठी छान होईल' असं म्हणालात की वही दप्तरात जाईल आणि पुन्हा दिसणार नाही.

चौथी वस्तू: पिपाणी

वय पाच वर्षांपासून, वेळ पाच मिनिटं. दुपारच्या झोपेची वेळ टाळावी.

एक कागदी नळी घ्या, नारळपाणीवाल्याकडे मिळते. तिचं एक टोक दोन सेंटिमीटरभर दातांत किंवा बोटांनी दाबून चपटं करा. चपट्या टोकाचे दोन्ही कोपरे तिरके कापून त्याला निमुळतं टोक काढा. हे टोक ओठांच्या आत घेऊन, ओठांनी हलकेच दाबून जोरात फुंका. पहिल्या चार-पाच फुंकांत नुसती हवा येते. मग अचानक बदकासारखा आवाज निघतो आणि घरातले सगळे दचकतात.

कापलेल्या दोन पाती हवेने थरथरतात, त्यातून हा आवाज येतो. सनईच्या तोंडाशी असलेल्या पत्तीचं कामही हेच. आता गंमत करा. एकाने पिपाणी वाजवत राहायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाकडून नळीचा एक-एक सेंटिमीटर तुकडा कापत जायचं. नळी आखूड होईल तसा आवाज चढत जातो. बासरीवर भोकं कशासाठी असतात, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

कागदी नळी ओली झाली की मऊ पडते. परसात पपईचं झाड असेल तर त्याच्या पोकळ देठाची पिपाणी करा. आजोबांना विचारा, त्यांना येत असेल. देठ कापला की चीक येतो, तो धुऊन घ्या आणि डोळ्यांना हात लावू देऊ नका. आंब्याची कोय दगडावर घासून पुंगी करण्याची युक्तीही त्यांच्याकडूनच शिकून घ्या.

पाचवी वस्तू: लगद्याची वाटी

वय सहा वर्षांपासून, पण चार दिवसांचा धीर हवा.

वर्तमानपत्राची चार मोठी पानं नखाएवढे तुकडे करून फाडा. हे काम लहानांना द्या, त्यांना फाडायची परवानगी एरवी मिळत नाही. तुकडे रात्रभर गरम पाण्यात भिजत ठेवा. सकाळी खलबत्त्यात कुटा, किंवा भरपूर पाणी घालून मिक्सरच्या जुन्या भांड्यात थोडं थोडं फिरवा. फडक्यातून पिळून घ्या, त्यात अर्धी वाटी खळ घाला आणि कणकेसारखं मळा. पूर्वी बायका सुपं आणि टोपल्या लिंपायला कागदाच्या लगद्यात भिजवून वाटलेली मेथी घालत. दोन चमचे मेथी तुम्हीही घालून बघा. लगदा अधिक चिकट होतो, वास मात्र दोन दिवस घरभर राहतो.

स्टीलची वाटी उपडी घाला, तिच्यावर पातळ प्लास्टिक लपेटा आणि वरून लगदा अर्धा सेंटिमीटर जाडीने थापा. भाकरी थापतात तसं मधून कडेकडे जायचं. कडा पातळ राहिल्या तर वाळताना तडकतात. दोन दिवस सावलीत आणि मग उन्हात वाळवा. थेट कडक उन्हात ठेवली तर बाहेरचा भाग आधी आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि वाटीला भेग जाते. शाडूच्या मूर्तीलाही भेगा याच कारणाने जातात.

चौथ्या दिवशी स्टीलची वाटी अलगद काढा, उरलेली खळ आणि पांढऱ्या कागदाचे तुकडे आतून-बाहेरून चिकटवा आणि वर रंग द्या. किल्ल्या, नाणी, रबरबँड ठेवायला ही वाटी वर्षानुवर्षं चालते. खाण्याचे पदार्थ मात्र तिच्यात ठेवू नका, छपाईची शाई त्या लगद्यात आहे.

सहावी वस्तू: किल्ला

वय कितीही, वेळ तीन दिवस, मुलं जितकी जास्त तितकं बरं.

दिवाळीतला किल्ला ही आपली सगळ्यात मोठी घरगुती हस्तकला, आणि ती एकट्याने करायची नसतेच. सोसायटीच्या कोपऱ्यात, गच्चीवर, जागा नसेल तर गॅलरीत जुन्या पाटावरही किल्ला होतो. विटा, दगड, फुटक्या कुंड्या रचून उंचवटा करा, त्यांच्यावर गोणपाट टाका आणि चिखल लिंपा. नुसत्या मातीचा ढीग केलात तर दुसऱ्या दिवशी तो बसतो. आतला दगडांचा सांगाडा आणि वरचं गोणपाट यांमुळे उतार टिकतो.

'एक किल्ला' न करता एखादा खरा किल्ला निवडा. राजगड घ्या. मधे उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. सिंधुदुर्ग घेतलात तर चारी बाजूंना पाणी हवं. मग पाणी कशात साठवायचं, तटबंदी बाहेरून कशी दाखवायची, हे प्रश्न मुलांपुढे येतात आणि ती चित्रं शोधायला, वाचायला लागतात. इतिहासाचं पुस्तक उघडा, असं मग सांगावं लागत नाही.

उतारावरच्या हिरवळीसाठी हळीव पेरा. किल्ला बांधायच्या आधीच पाच-सहा दिवस पसरट ताटात ओल्या मातीवर पेरून ठेवलात तर ऐन दिवाळीत हिरवीगार लादी उचलून लावता येते. मोहरी आणि मेथीही चालते. दिवाळी संपली की माती कुंड्यांत, विटा जागेवर, मावळे डब्यात. किल्ला मोडणं हाही कार्यक्रमाचा भागच आहे, आणि तो मुलांनीच करायचा.

मोठ्यांचे हात

धार, आग आणि वीज या तीन गोष्टी मोठ्यांच्या. सुरी, कटर, दाभण, गॅस आणि प्लग यांना हात लावायची वेळ आली की मुलाने हाक मारायची, असा करार आधीच करा. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर मणी आणि बटणं संपूर्ण वेळ टेबलावरच, जमिनीवर नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला गोल टोकाची पण खरोखर कापणारी कात्री द्या. बोथट कात्रीने कागद चुरगळतो, मूल चिडतं आणि जास्त जोर लावतं, तिथेच हात कापतो.

बाकी सगळं त्यांचं. हे वाचायला सोपं आणि करायला अवघड आहे. मुलगी काप तिरका देताना दिसते, खळ ओघळताना दिसते, आणि आपला हात नकळत पुढे जातो. 'आण इकडे, मी करून देते.' या एका वाक्याने वस्तू तुमची होते. तुमच्या हाताला राहवत नसेल तर त्याला काम द्या. शेजारी बसून स्वतःचा वेगळा कंदील करा. तुमचाही वाकडा होईल आणि मुलांना फार बरं वाटेल.

'मला जमत नाही' असं मूल म्हणालं तर 'जमतंय की, छान झालंय' असं लगेच म्हणू नका. त्याला ते खोटं आहे हे कळतं. 'नक्की कुठे अडलंय?' विचारा. बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडलेलं असतं: दोरा ओवला जात नाही, टोक चिकटत नाही, पट्टी आखूड पडते. तेवढी एक अडचण दूर करा आणि पुन्हा मागे व्हा.

एका बैठकीत संपेल असंच हाती घ्या किंवा टप्पे आधी सांगा. आवरणं हा शेवटचा टप्पा आहे, शिक्षा नाही. वर्तमानपत्र आधीच जमिनीवर पसरलेलं असलं की दहा मिनिटांत सगळं गुंडाळता येतं. खळ वाळायच्या आत भांडी पाण्यात टाका. वाळलेली खळ तारेच्या घासणीलाही दाद देत नाही.

आणि एक शेवटची विनंती. मुलाने केलेला कंदील एका बाजूला कललेला असेल, एक झिरमिळी दुसरीपेक्षा लांब असेल, मागून चिकटवलेली कागदाची पट्टी उजेडात स्पष्ट दिसेल. बाजारातून आणलेला झगमगता कंदील दारात आणि मुलाचा आतल्या खोलीत, असं करू नका. यंदा दारात तोच लावा.